आई वणवा गिळते

"मी न्हाय राईत चूल मांडायची. याउंदा सड्यावर बसू."

सासूनं टोपली खाली आदळली आणि अंगणात फतकल मारली. टोपलीत तांदूळ, गूळ, नारळ आणि वर केळीची पानं. वणवा लावायचा दिवस म्हणजे आमच्या वाडीत सणच, आणि सणाच्या दिवशी भांडल्याशिवाय त्या नवराबायकोच्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही. गोठ्यातून म्हशी बाहेर काढत राहिले.

"सड्यावर?" मामंजी दारातूनच ओरडले. "उघड्या कातळावर निवद करायचा? आन् देवीला काय सांगू, माझ्या बायकूला तुझी सावली नको म्हणून?"

"सावली ऱ्हायलीया कुठं तिथं? आईचं पांघरूण तुमीच वढून काढलंसा. तीच उघडी पडलीया, ती आपल्याला काय राखंल?"

मामंजींनी हातातली काडेपेटी कनवटीला खोचली, तेव्हा मला कळलं की हे रोजचं भांडण नाही. माझी सासू हौसाबाई भीत होती. वाघाला दगड मारून हाकलणारी बाई, पण त्या सकाळी ती राईत जायला भीत होती.

आता हे सगळं तुम्हाला नीट सांगायला हवं, नाहीतर आम्ही वेडे होतो असं वाटेल. मी ठकू. आता चिपळुणात लेकाकडे असते, पण माझं सासर म्हणजे कोयनेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावरची धनगरांची वाडी. म्हशी राखायच्या, दूध-तूप खाली पोचवायचं, एवढाच धंदा. वाडीच्या खाली ओढ्यापर्यंत सगळा गवताचा उतार, आणि गवत आणि घरं यांच्या मधोमध वाघजाईची राई, म्हणजे देवीच्या नावानं राखलेलं दाट रान. दर फाल्गुनात, कापून उरलेलं गवत आम्ही जाळत असू. जाळलं की नवं गवत जोमानं येतं, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. ओढ्याजवळ आग लावायची, वारा तिला वर घेऊन यायचा, आणि राईच्या कडेला येऊन ती विझायची. कुणी विझवायची नाही, आपोआप. कारण राईत भर दुपारी अंधार असे. वर झाडांचा गच्च मांडव, खाली कारवी, वेलींचा गुंता, आणि पायाखालचा पाचोळा उन्हाळ्यातही ओला. आग हातभर आत शिरायची, फुसफुसायची, धूर काढायची आणि खलास. आमचे लोक म्हणत, आई वणवा गिळते.

म्हणून त्या दिवशी सगळ्या बायका, पोरं आणि गुरं राईत जाऊन बसत. तिथंच निवद शिजवायचा, आणि आग कडेला येऊन विझली की हात जोडायचे. पुरुष खाली उतारावर डहाळे घेऊन आगीच्या मागं चालत. आग लावायचा मान पुजाऱ्याचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा.

पण त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी खालच्या गावातले लोक वर आले. देवीला पक्कं देऊळ बांधू म्हणाले, वर पत्रा, खाली फरशी. पैसा? राईतल्याच जुन्या झाडांचा. मामंजींनी कौल लावला. देवीच्या कपाळाला दोन ओल्या पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार. उजवी पडली. सासू घरी आल्यावर म्हणाली, "वाऱ्यानं पडली आसंल," तर मामंजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. त्यांनाही देऊळ हवं होतं हो. उभा जन्म दगडाला शेंदूर फासण्यात गेला होता त्यांचा, आपल्या हातून कळस चढावा असं वाटलं तर त्यात काय पाप? मग कुऱ्हाडी चालल्या. जांभळं गेली, हिरडे गेले. मग देऊळ सडकेवरून दिसायला हवं म्हणून कारवी आणि वेलीही साफ केल्या. राई मोकळी झाली म्हणून आम्ही सगळेच खूश. मीसुद्धा. साप-विंचवाची भीती गेली म्हणून पोरांना तिथं खेळायला सोडायला लागलो.

पुढच्या पावसात तिथं रानमोडी आली. कुणी पेरली नाही, कुणी बोलावली नाही. माणसाच्या वर उंच वाढते मेली, गुरं तोंड लावत नाहीत, आणि फाल्गुनात अशी वाळते की नुसता हात लावला तरी कडकन मोडते. पहिल्या वर्षी ती थोडी होती, आणि आग कशीबशी कडेला विझली. दुसऱ्या वर्षी तिनं झाडांमधली सगळी जागा भरून काढली.

सासू म्हणत होती ते ह्याबद्दलच.

"आख्खी वाडी राईत बसणार आन् पुजाऱ्याची बायकू सड्यावर?" मामंजींचा आवाज खाली आला होता. "माझं त्वांड काळं करतीस व्हय, हौसे?"

सासूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिला हसूच आलं. "तुमचं त्वांड आधीच तव्यागत हाय. त्यात मी आनि काय काळं करू?"

"मग ऊठ की."

"उठते. तुमच्यापायी देवीसंगं वाकडं कशाला." तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, "चल गं ठके. म्हशी हाण."

झालं. इतक्या हसतखेळत ठरलं ते.

राईत गेलो तर नवीच पंचाईत. खालच्या गावातल्या देऊळ कमिटीनं बजावून ठेवलं होतं की देवळाच्या फरशीवर शेण पडता कामा नये. पूर्वी म्हशी मोकळ्या असायच्या, सावलीला बसून रवंथ करायच्या. आता त्या देवळामागं, उरलेल्या झाडांना बांधाव्या लागल्या. आम्हीच बांधल्या, चांगल्या आवळून. सासूची काजळी म्हणून म्हैस होती, तिला सासूनं स्वतः शेवटच्या अंजनीच्या झाडाला बांधलं आणि तिच्या कपाळाला हात लावून काहीतरी पुटपुटली.

माझी नणंद सगुणा बाळंतपणाला आली होती ती अजून माहेरीच होती. तिनं तान्ह्याची झोळी फांदीला टांगली. चूल पेटली, तांदूळ वैरले. खालून मामंजींची हाळी आली, म्हणजे काडी लागली. आम्ही बायका कडेला जाऊन उभ्या राहिलो.

धूर आधी आला, मग आवाज. गवताची आग पळते, तिच्यात थांबणं नसतं. बघता बघता ती उतार चढून आली. पोरं ओरडायला लागली, "गीळ गं आई! गीळ गं आई!" दरवर्षी ओरडायची. आम्ही हात जोडले.

आग राईच्या कडेला आली आणि खरंच दबली. तिथं थोडा ओला पाला होता. माझ्या शेजारची एकजण म्हणालीसुद्धा, "बगा, गिळला." तेवढ्यात रानमोडीनं पेट घेतला.

फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज झाला. जाळ माणसाच्या दुप्पट वर गेला आणि डाव्या अंगानं सरळ आत शिरला. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आमच्यातली एकही बाई हलली नाही. हात जोडून तशाच उभ्या. राईतून कुणी कधी पळालंच नव्हतं, तर पळायचं सुचणार कुणाला? मला वाटलं, आत्ता विझेल. आणखी एक झुडूप पेटलं, तरी वाटलं, आत्ता विझेल.

"जोडल्यालं हात सोडा आन् पळा, रांडांनो!"

सासूची ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. त्या शिवीनंच आम्ही जाग्या झालो. पोरं उचलली, म्हाताऱ्या ओढल्या आणि घरांच्या एका बाजूला असलेल्या वरच्या सड्याकडे सुटलो. सगुणा झोळीपाशी नुसती उभी होती, तिचे हात चालेनात. मी पोर उपसलं, दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला आणि फरफटत नेली. चूल, पातेलं, निवद, सगळं तिथंच.

सड्यावर कातळ आहे, तिथं जळायला काही नाही. पोचलो आणि एकमेकींना हाका मारायला लागलो. पोरं सगळी होती, बायका होत्या.

"आई कुठाय?" सगुणा म्हणाली.

सासू नव्हती.

खाली राईतून म्हशींचं ओरडणं येत होतं. म्हैस तशी ओरडते हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि मग धुरातून एक म्हैस बाहेर आली, शेपूट वर, गळ्यातलं दावं मागं फरफटत. तिच्यामागून दुसरी.

"आत्याबाई दावी सोडतायत," मी म्हणाले.

सोडत होती म्हणजे हातानं सोडत होती. राईत विळा-कोयता न्यायचा नाही, हा आमचा नेम. कुऱ्हाडी चालवून गेले ते खालच्या गावचे. आम्ही निवदाचा नारळसुद्धा दगडावर फोडायचो. तेव्हा तिच्याजवळ कापायला काही म्हणजे काही नव्हतं. गाठी आम्ही आवळून बांधलेल्या, वर म्हशी घाबरून ओढत असणार आणि प्रत्येक हिसक्यानं गाठ आणखी बसत असणार.

मी पोर सगुणाकडे दिलं आणि खाली धावले. राईच्या वरच्या कडेपर्यंत गेले. पुढं पाऊल टाकवेना. तोंडावर अशी धग आली की भुवयांचे केस करपल्याचा वास मलाच आला. "आत्याबाई! सोडा ती म्हसरं! भाईर या!" मी ओरडत होते. आतून एकदा तिचा आवाज आला, मला नव्हे, म्हशीला. "हुब्बी ऱ्हा गं बया, सुटू दे." त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

पण म्हशी येत होत्या. एकेक, थांबून थांबून. धुरातून शिंगं दिसली की सड्यावरून बायका ओरडायच्या, "आली! आनि एक आली!" म्हैस आली म्हणजे सासू जिवंत. बराच वेळ कोणीच आलं नाही की सगळ्या चिडीचूप व्हायच्या. असा जीव टांगणीला माझ्या वैऱ्याचाही लागू नये.

"वहिनी, काजळी न्हाय आली," सगुणा वरून म्हणाली. "बाकी सगळ्या आल्या. काजळीच ऱ्हायली."

आम्ही वाट पाहिली. काय करणार होतो दुसरं? राईच्या मधल्या भागात एक झाड कोसळलं, त्याचा दणका पायाखालच्या कातळात लागला. आणि मग काजळी आली. पाठीवरचे केस जळालेले, एक डोळा मिटलेला, पण चालत आली. तिच्या गळ्यात दावं होतं आणि दाव्याची गाठ सुटलेली होती. तुटलेली नाही. सोडलेली.

तिच्यामागून कुणी आलं नाही.

पुरुष जळक्या उतारावरून वर पळत आले. मामंजी सगळ्यांत पुढं. त्यांच्या टायरच्या चपला निखाऱ्यांनी वितळून पायाला चिकटल्या होत्या, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. त्यांनी म्हशी पाहिल्या, बायका पाहिल्या.

"हौसी कुठाय?"

बायकांनी माझ्याकडे पाहिलं.

"ठके, तुझी सासू कुठाय?"

मी राईकडे बोट केलं. ते आत गेले. माझा नवरा जानू त्यांना धरायला गेला आणि तोही मागोमाग आत गेला.

घोंगडीत घालून आणली तिला. शेवटच्या अंजनीपासून थोडी अलीकडे पडली होती. जिवंत होती. काय अवस्था होती ते मी सांगणार नाही, मला सांगवत नाही. डोळे उघडे होते.

मामंजी गुडघ्यावर बसले आणि तिच्यावर खेकसले. दुसरं काही येतच नव्हतं त्या माणसाला. "कशाला गेलीस मागं? आं? येडे, कशाला गेलीस?"

"बांधल्यालं जनावर..." ती म्हणाली. मग श्वास घेतला. "...जळू द्याचं व्हय?"

"जळली आस्ती तर जळली आस्ती! म्हसरं काय मिळत न्हाईत व्हय जगात?"

ती हसली असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही. "सगळी आली?"

"आली, आत्याबाई," मी म्हणाले. "काजळी बी आली."

घोंगडी बांबूला बांधून तिला खाली न्यायला निघाले. मामंजी शेजारून चालत होते आणि वाटभर तिला शिव्या देत होते. हट्टी हैस, कधी ऐकलं न्हाईस, लगीन झाल्यापासनं एक गोष्ट माझी ऐकली आसशील तर शपथ. जानू नंतर मला म्हणाला, सडक लागायच्या आधीच ती गेली होती. त्याला कळलं होतं. पण आबा, म्हणजे मामंजी, बोलायचे थांबेनात, तेव्हा त्यांना कोण सांगणार?

वारा पडला म्हणून घरं वाचली. देऊळही वाचलं. सिमेंटच ते, पत्रा तेवढा वाकला आणि फरशी तडकली. खालची कमिटी बघायला आली. एकजण हात जोडून म्हणाला, बघा, देवीनं आपलं घर राखलं, चमत्कारच. जानूनं त्याची गचांडी धरली. चौघांनी सोडवला म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी आणखी एक जीव गेला असता. मामंजी बघत उभे होते. मध्ये पडले नाहीत. त्या दिवसानंतर ते देवळात गेले नाहीत आणि शेंदराची वाटी त्यांनी ओढ्यात सोडून दिली.

जी झाडं उभी राहिली होती तीही पावसाळा संपेपर्यंत वाळली. साली फुटल्या, मुळं सुटली, वाऱ्यावादळात एकेक आडवं झालं. आणि त्यांच्या जागी गवत आलं. खोटं कशाला बोलू, असं गवत मी जन्मात पाहिलं नव्हतं. राखेवर उगवलेलं, कंबरेच्या वर, हिरवंगार. मधेमधे रानमोडीचे दाट गड्डे. म्हशी राई होती तिथं चरायला लागल्या, आणि दुधाला धार अशी लागली की भांडी पुरेनात. मामंजी कोरा चहा प्यायचे. दूध पुढं केलं की ताट सरकवून उठायचे. काजळीनं पारडी दिली तेव्हा गोठ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. चिकाचा खरवस मी केला आणि मीच रडत खाल्ला.

मग पुन्हा फाल्गुन आला.

हिरवं होतं ते सगळं वाळलं. आणि आमच्या ध्यानात आलं की ओढ्यापासून थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत आता नुसतं गवतच आहे. मधे काही नाही. पूर्वी पलीकडच्या डोंगरावर कुणाचा वणवा दिसला तर आम्ही खुशाल जेवायला बसायचो. आता लांबवर धूर दिसला की बायका पोरांना हाका मारायला लागायच्या. एका सकाळी ओढ्यापलीकडच्या अंगाला धूर निघाला आणि वारा आमच्याकडे येत होता.

सगळी वाडी अंगणात जमली.

"ती आग इकडं आली तर एक घर ऱ्हायाचं न्हाई," जानू म्हणाला. "आपुनच आधी जाळून घ्याला पायजे. घरापासनं खाली, डहाळं घिऊन, हळूहळू. काळी जमीन आसली की आग पुढं सरत न्हाई."

"कुठनं लावायची?" कुणीतरी विचारलं.

ह्याचं उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. घरांच्या खाली लगेच राईची जागा. तिथूनच लावायला हवी होती. तिथं खूण अशी काही नव्हती, पण हौसाबाई कुठं सापडली ते वाडीतलं प्रत्येक माणूस डोळे मिटून दाखवेल.

"न्हाय," सगुणा म्हणाली. मुद्दाम आली होती ती वर्षश्राद्धाला. "तिथं आग लावायची न्हाय. वाडी सोडू, पर तिथं न्हाय."

"म्हसरं घिऊन जायाचं कुठं सगुणे? सांग की. कुठं?" जानू म्हणाला. त्यानं माझ्याकडून काडेपेटी घेतली आणि खाली गेला. आम्ही वरून बघत होतो. अंजनीचा जळका बुंधा होता, तिथपर्यंत गेला. उभा राहिला. मग तसाच परत आला आणि काडेपेटी माझ्या हातात ठेवली.

"माझ्यानं न्हाय हुयाचं, ठके."

धूर दाट होत चालला होता.  मामंजी ओट्यावर बसले होते, वर्षभर बसत होते तसे. ते उठले. माझ्यासमोर येऊन हात पुढं केला. मी काडेपेटी दिली. माझी आणि त्यांची नजर भेटली नाही.

ते एकटेच उतरले. डहाळे घेऊन पुरुष मागं निघाले, पण कुणी त्यांच्या जवळ जाईना. मी थोडी मागं होते, म्हणून मला ऐकू आलं. बुंध्याच्या अलीकडे ते थांबले, वाळल्या गवतातून एकदा हात फिरवला. आवाजात खेकसणं नव्हतं. तसं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"हौसे, जरा बाजूला हो गं. आग लावतोय."

आणि मग ते थांबले. कमरेवर हात टेकून उठायला आणि चार पावलं सरकायला एखाद्या म्हातारीला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी काडी ओढली.